मामांच्या वेबसाइटचं पाणी

माझ्या बायकोच्या मामांच्या मते या जगात पाणी सोडून दुसरं काहीही नाही. माणसं, मोटारी, सांबार, देवळातली रांग, घरातली भांडणं, हे सगळं पाणीच आहे. काहींचं वाहणं आपल्याला दिसतं आणि काहींचं दिसत नाही, इतकाच फरक. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली. कावेरीचं पाणी कालव्यात, कालव्यातलं पाटात आणि पाटातलं कुणाच्या तरी शेतात, असं करत करत ते निवृत्त झाले आणि कुंभकोणमला मेलकावेरीतल्या आपल्या घरी येऊन बसले. खात्याने त्यांना हार घालून निरोप दिला. पाण्याने मात्र अजून दिलेला नाही.

मी पुण्याचा. मामांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आले आणि येताना जी मराठी बरोबर आणली तीच त्या घरात अजून चालू आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी असा नियम. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दारातच "सुखरूप पावलांत, बरें झालें. आधीं पाय धुवा, मग कॉफी घ्या," असं कानावर पडलं आणि आपण चुकून कुणाच्या तरी दरबारात शिरलो की काय असं मला वाटलं. माझ्या बोलण्याबद्दल त्यांचंही मत फारसं बरं नाही. "जांवई, तुम्ही तोंड उघडलें कीं बातम्या लागल्यासारखें होतें," असं ते मला अजून सुनावतात, आणि मग मामींना हाक मारून माझ्याकडून एखादं वाक्य मुद्दाम पुन्हा म्हणवून घेतात.

जेवायला मामांच्या शेजारी बसणं हे एक शिक्षण आहे. केळीच्या पानावर भात पडला की ते आधी त्याचा बांध घालतात. बांधाला एका बाजूने बोटाने दार पाडतात, सांडव्याची जागा वेगळी ठेवतात आणि मग वाढणाऱ्याकडे मान वर करून "सोडा," म्हणतात. रसम बरोबर त्या दारातून आत येतं, भाताला पोचतं आणि जास्त झालेलं सांडव्यातून कोशिंबिरीला न शिवता बाहेर पडतं. माझ्या पानावर मात्र दर वेळी पूर येतो. तो पाहून मामा हळहळतात. बसमध्ये बसले की पुढच्या थांब्यावर किती लोक चढतील यापेक्षा मागच्या दाराने किती 'गळतील' हे ते बघत असतात. मयिलाडुतुरैच्या रस्त्यावर वाहतूक तुंबली की खाली उतरून, कुणी विचारलेलं नसताना, कोणती गाडी आधी सोडावी हे ड्रायव्हरांना सांगतात. ड्रायव्हर त्यांना काय सांगतात ते मला तमिळ येत नसल्यामुळे कळत नाही, आणि बायको त्याचं भाषांतर करत नाही.

त्यांच्या या शास्त्राचा सर्वांत मोठा प्रयोग एका लग्नात झाला. तिरुभुवनमला मामींच्या ओळखीच्या रेशीमवाल्यांकडचं लग्न होतं. जेवणाचे हॉल दोन, वरचा आणि खालचा. वरच्या हॉलमध्ये पानं मांडून वाढपी माशा मारत उभे, आणि खालच्या दाराशी ही गर्दी. मामांनी परिस्थितीची पाहणी केली, खालचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि कडीवर पाठ टेकून उभे राहिले. खालचं दार बंद केलं की इकडची मंडळी आपोआप वरच्या दाराकडे वळतील, हा त्यांचा हिशेब. मंडळी वळली नाहीत. मंडळी थोडा वेळ दाराकडे बघत राहिली आणि घरी गेली. त्यात नवऱ्यामुलाचे सख्खे काकाही होते, आणि ते समोरच्या खानावळीत डोसा खाताना सापडले. रेशीमवाल्यांनी त्यानंतर बरेच दिवस मामींना साडी दाखवताना पूर्वीसारखा पदर उलगडून दाखवला नाही. मामांना त्यात आपली काही चूक झाली असं वाटलंच नाही. "माणसांस उतार कळत नाहीं, त्यास मी काय करूं?" एवढंच ते म्हणाले.

आता या अशा माणसाने वेबसाइट का काढावी? तर भावासाठी. मामांना एक धाकटा भाऊ आहे. तरुणपणी नोकरीसाठी तो उत्तरेकडे गेला. वडील वारले तेव्हा त्याला यायला उशीर झाला. गाड्या चुकल्या असतील, तार उशिरा मिळाली असेल. तो आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, आणि दारात उभ्या असलेल्या मामांच्या तोंडून निघून गेलं, "आतां कशास आलास?" भावाने खांद्यावरची पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. तसाच मागे फिरला. पुढे आई गेली तेव्हा त्याला कळवायला मामांकडे पत्ता नव्हता. कुणी म्हणे सुरतेला दिसला, कुणी म्हणे नागपूरला. एवढी गोष्ट मामांनी मला एकदाच सांगितली, तीही कावेरीच्या घाटावर, पाण्याकडे तोंड करून.

भाऊ सापडेल कसा, याचा मामांनी पुष्कळ विचार केला आणि पाण्याच्या माणसाला सुचेल तेच त्यांना सुचलं: आपण त्याच्यापर्यंत जायचं नाही, त्याला आपल्याकडे वाहत येऊ द्यायचं. त्यांच्या घरात पेंडुळकं नावाचा एक पदार्थ होतो. तांदळाचा जाडसर रवा, चिंचेचा कोळ, गूळ, थोडं भरडलेलं मिरं, वरून खोबरेल तेलाची धार. हे नाव कुंभकोणमच्या इतर मराठी घरांतही कुणाला माहीत नाही, पुण्याला तर नाहीच नाही. मामांच्या आईने ते कुठून आणलं कोण जाणे. मामांचं म्हणणं असं: "मनुष्य म्हातारा झाला कीं त्यास आईच्या हातचें आठवतें. आठवलें कीं तो कोणास विचारील? मोबाइलास विचारील. त्या वेळीं आमचें पान वर आलें पाहिजे." म्हणून त्यांनी आपल्या लोकांची म्हणून एक वेबसाइट तयार केली. तिच्यात ओव्या आहेत, सणवार आहेत, घराण्यांची माहिती आहे, पाककृती आहेत. पाककृतींच्या आत 'आईचें स्वयंपाकघर' आहे आणि त्याच्याही आत, सगळ्यांत शेवटी, पेंडुळक्याचं पान आहे. पानाच्या खाली वाचकांनी अभिप्राय लिहावा म्हणून एक चौकट आहे. तिच्यात तोवर फक्त वजन घटवण्याच्या गोळ्या विकणाऱ्यांचे अभिप्राय आले होते. मामांनी त्या सगळ्यांना "आपण आवर्जून वाचलेंत, आभारी आहों," असं उत्तर दिलं होतं.

मी वेबसाइटा बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे या विषयातला अधिकारी पुरुष म्हणून मामा माझ्याकडे बघतात. वस्तुस्थिती अशी आहे की मी तिथे फक्त मजकूर लिहितो. 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क साधा' ही माझी पानं. त्या मजकुराच्या मागे काय चालतं ते मला कळत नाही आणि मी ते समजून घेण्याचा प्रयत्न केला की डोकं दुखतं. पण हे मामांना सांगायची सोय नव्हती. गेल्या वेळी आम्ही कुंभकोणमला गेलो तेव्हा पाय धुऊन होतात न होतात तोच त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि लॅपटॉप पुढे सरकवला. "जांवई, पान वर येत नाहीं," ते म्हणाले. "मी अवघीं दारें बंद केलीं, तरी येत नाहीं."

कसली दारं ते कळायला माझी अख्खी कॉफी संपली. मामांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका मुलाने सांगितलं होतं, की वेबसाइटच्या प्रत्येक पानाला थोडी ताकद असते आणि ती लिंकांवाटे एका पानातून दुसऱ्या पानात वाहत जाते. (वाहत जाते! हा शब्द ऐकून मामा खुर्चीत सरसावून बसले असणार.) ज्या लिंकेवाटे ताकद जायला नको असेल तिला मागच्या बाजूने 'नोफॉलो' असा एक शब्द चिकटवायचा. माणसाला तो दिसत नाही, त्याची लिंक पूर्वीसारखीच चालते. पण सर्चचं जे यंत्र पानापानांवरून फिरून नोंद घेत असतं त्याला तो दिसतो आणि त्याचा अर्थ असा, की इथे वाट आहे, पण तू या वाटेने जाऊ नकोस. या यंत्राला मामा 'लस्कर' म्हणत होते. त्यांच्या खात्यात कालव्याच्या काठाने पायी फिरून कुठे काय चाललंय ते बघणाऱ्या नोकराला लस्कर म्हणतात. तर मामांनी काय केलं होतं, की स्वतःच्याच वेबसाइटमधल्या, स्वतःच्याच पानांकडे जाणाऱ्या सगळ्या लिंकांना हा शब्द लावून टाकला होता. ओव्या बंद, सणवार बंद, घराणी बंद. फक्त पेंडुळक्याची लिंक उघडी. म्हणजे सगळी ताकद त्या एका पानाकडे वळेल.

मी पेंडुळकं हा शब्द सर्च करून पाहिला. सर्चने मला भेंडीच्या भाजीच्या कृती दाखवल्या.

मग मी जाणकारासारखा चेहरा करून, आमच्या ऑफिसात या गोष्टी खरोखर कळणारी एक मुलगी आहे तिला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. मामांनी आधी तिची आणि तिच्या आईवडिलांची ख्यालीखुशाली विचारली आणि मग आपली अडचण मांडली. ती म्हणाली, "काका, पूर्वी असं करायचे लोक. आता त्याचा उपयोग होत नाही. ज्या लिंकला नोफॉलो लावलं, तिच्या वाट्याची ताकद बाकीच्या लिंकांकडे वळत नाही."

"मग कोठें जातें?"

"कुठे जात नाही. संपते."

"संपतें म्हणजे? जिरतें? वाफ होतें? समुद्रास मिळतें?"

"नाही काका, नुसती संपते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर थेंबाथेंबाचा जाब दिला त्याला कुणीतरी सांगत होतं, की पाणी आत येतं आणि मग ते कुठेच नसतं. मला स्वतःलाही ते पटत नव्हतं, पण समजल्यासारखी मान हलवणं भाग होतं. "मग तें दार बंद करून उपयोग काय?" मामांनी विचारलं. ती पोरगी हसून म्हणाली, "तेच तर म्हणते मी. आणि काका, आपल्याच घरातली वाट ना ती? तिच्यावर 'येऊ नकोस' असं कशाला लिहून ठेवायचं?"

ती बिचारी सहज बोलली होती. मामांना मात्र ते लागलं. फोन ठेवताना तिला आशीर्वाद द्यायचेही विसरले, आणि हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मामा, ते तिरुभुवनमच्या लग्नासारखं झालं असेल. खालचं दार बंद केलं, पण लोक वर कुठे गेले? घरी गेले."

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या तोंडून उपयोगाचं असं काही बाहेर पडल्याची ती पहिलीच खेप होती. "डोसा खाण्यास गेले," ते हळूच म्हणाले. मग उठले, आत गेले आणि मामींचा रांगोळीचा डबा घेऊन आले. मामी मागोमाग आल्याच. "अय्यो, तें उद्यांच्या कोलमास ठेविलें आहे!" पण मामांनी ओसरीवर रेघा ओढायला सुरुवात केली होती. आयुष्यभर त्यांनी कालव्यांचे नकाशे वाचले होते, पण आपल्या वेबसाइटचा नकाशा काढावा हे त्यांना तोपर्यंत सुचलं नव्हतं. स्क्रीनवर एका वेळी एकच पान दिसतं. नकाशात मात्र वरचं धरण आणि खालचं शेत दोन्ही दिसतात. वर मुखपृष्ठ, त्याच्यापासून पाट निघाले: ओव्यांचा, सणांचा, घराण्यांचा, पाककृतींचा. पाककृतींच्या पाटातून पोटपाट, तो आईच्या स्वयंपाकघरात, आणि तिथून एक बारीक रेघ निघून थेट खांबाच्या पायथ्याशी, पेंडुळक्यापाशी. मग जिथे जिथे नोफॉलो लावलं होतं तिथे ते चिमटीने आडवी रेघ मारत गेले. ओव्यांवर मारली. सणांवर मारली. घराण्यांवर मारली. पाककृतींच्या तोंडाशी मारली, आणि हात तिथेच थांबला.

शेवटचं दार उघडं होतं, हे खरं. पण त्याच्या वरची सगळीच दारं मामांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. लस्कर मुखपृष्ठावर यायचा, प्रत्येक वाटेवर "जाऊ नकोस" वाचायचा आणि आज्ञाधारकपणे परत जायचा. पेंडुळक्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.

"कडैमडै," मामा म्हणाले. म्हणजे पाटाच्या शेपटाकडचं शेत, जिथे पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं, किंवा पोचत नाही. तिरुनीलक्कुडीच्या बाजूचे असले शेतकरी दर हंगामाला त्यांच्या कचेरीत येऊन आरडाओरडा करायचे आणि मामा त्यांना कॉफी पाजून म्हणायचे, वरून सोडलंय, येईल. आज त्या शेतकऱ्याच्या जागी ते स्वतःच बसले होते, मांडीवर रांगोळी सांडलेली. मामी त्यांना काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "सेरि, बरें. आतां उघडा कीं," आणि डबा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, संध्या, तुळशीला पाणी, सगळं आटोपून मामांनी दारं उघडली. एकेक लिंक घ्यायची, मागचा शब्द पुसायचा आणि "सोडलें," असं मोठ्याने म्हणायचं. कचेरीतली सवय. मी शेजारी बसून होतो. माझी मदत शून्य. पेंडुळक्याला मामांनी मुखपृष्ठावरूनही एक सरळ लिंक दिली. "हा नवा कालवा," ते म्हणाले. पण पाणी सोडलं की शेतात दिसतं, तसं इथे काही दिसलं नाही. दोन्ही वेळच्या जेवणाआधी मामा मला सर्च करून बघायला लावायचे आणि दोन्ही वेळा भेंडी यायची. आम्ही पुण्याला परतेपर्यंत भेंडीच येत होती. आणि मग एक दिवस मामांचा फोन आला: भेंडी गेली, पेंडुळकं आलं. एकच पान, वर तेच आणि खालीही तेच. ज्या शब्दाचा जगात दुसरा धनीच नाही त्याला पहिला नंबर यायला ताकद लागलीच नसती, नुसती वाट उघडी असती तरी भागलं असतं, असं त्या मुलीने मला नंतर सांगितलं. ते मी मामांना कळवलं नाही. ताकद म्हणजे नक्की काय हे त्यांनी मला विचारलं असतं.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मामांनी पाय धुवा असंही म्हटलं नाही. सरळ लॅपटॉपपाशी नेलं. अभिप्रायाच्या चौकटीत, गोळ्या विकणाऱ्यांच्या खाली, एक ओळ आली होती. नाव नाही, गाव नाही. फक्त एवढंच: "मिरें नाहीं. आई सुंठ घाली."

मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं, ते रडत असतील. ते संतापले होते. "याला काय ठाऊक? मिरेंच! मी थोरला, मी जास्त वर्षें खाल्लें. सुंठ म्हणे!" आवाज चढला होता, आणि डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, त्याला त्यांनी कुठलंही दार लावलेलं नव्हतं. तो भाऊच होता कशावरून, असं मला विचारावंसं वाटलं. पण सुंठेवरून इतकं भांडायला त्या घरातलाच माणूस लागतो, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

तेवढ्यात मामी दाराशी आल्या. "दोघेही खरें सांगतां," त्या म्हणाल्या. "सासूबाई दोन पातेल्यांत करीत. धाकट्यांस मिरें सोसत नसे. तुम्हांस मिऱ्याचें, त्यांस सुंठेचें. तुम्हीं दुसऱ्या पातेल्यांत कधीं पाहिलेंत काय?"

मामांनी पाहिलेलं नव्हतं. ते खाली बसले आणि स्क्रीनवरची कृती पुन्हा वाचू लागले. शेवटी मीच लॅपटॉप ओढला आणि म्हणालो, "मामा, कृतीत सुंठ लिहून टाकू का? दोन्ही लिहू."

"नको, नको!" त्यांनी माझा हात धरला. "मिरेंच राहूं दे. चूक दिसली तर तो परत सांगण्यास येईल. सुधारलें तर कशास येईल?"

पान अजून तसंच आहे. दुसरी ओळ अजून आलेली नाही. मामा अधूनमधून त्यात गुळाचं प्रमाणही थोडं चुकवून ठेवतात. मामी आता पेंडुळकं दोन पातेल्यांत करतात, आणि आम्ही गेलो की सुंठेचं पातेलं माझ्यापुढे येतं, कारण मलाही मिरं सोसत नाही. माझ्या पानावर पूर आलेला असतो. मामा आपला बांध घालायचं थांबवून, माझा डाव कितव्या खेपेला त्या सुंठेच्या पातेल्यात जातोय ते बघत असतात, आणि मग एकदम म्हणतात, "जांवई, अवघें संपवूं नका."